जिनिंगवाल्याचा आणि एचआयव्हीचा काय संबंध?

दरवर्षी १ डिसेंबरला तालुक्याच्या गावात शाळेची रॅली निघते, रांगोळ्या होतात, भाषणं होतात. दुसऱ्या दिवशी लाल फितीचा फ्लेक्स एका कोपऱ्यातून सुटून फडफडत असतो. या सगळ्यात जिनिंगवाला (कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या कारखान्याचा मालक), वीटभट्टीवाला, राइस मिलवाला, ट्रान्सपोर्टवाला कुठे असतो? फार तर फ्लेक्सच्या खालच्या पट्टीत, 'सौजन्य' म्हणून. विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: हे सरकारचं काम, डॉक्टरांचं काम, आमचा काय संबंध?

संबंध आहे, आणि तो थेट हजेरीपटाशी आहे. मी विदर्भातल्या वणी, पांढरकवडा, हिंगणघाट या पट्ट्यातल्या लहानमोठ्या कारखान्यांची पगारपत्रकं, पीएफ, हजेरी अशी कागदोपत्री कामं करतो. डॉक्टर नाही. पण एचआयव्हीची साथ आज ज्या जागी अडून बसली आहे ती जागा मला दवाखान्यापेक्षा हजेरीच्या वहीत जास्त स्पष्ट दिसते.

आधी आजाराबद्दल थोडं, कारण अजूनही निम्मी भीती जुन्या माहितीवर उभी आहे.

एचआयव्ही हा विषाणू शरीराची रोगाशी लढायची ताकद पोखरतो. रक्तातल्या सीडी४ नावाच्या पेशी तो हळूहळू संपवतो. औषध घेतलंच नाही तर साधारण आठ-दहा वर्षांत माणूस अशा अवस्थेला येतो की टीबी, बुरशी, साधा जुलाबही त्याला आडवा करतो. या शेवटच्या अवस्थेला एड्स म्हणतात. भारतात पहिले बाधित १९८६ मध्ये तेव्हाच्या मद्रासमध्ये सापडले. तेव्हा औषध नव्हतं, म्हणून 'एड्स झाला म्हणजे संपला' हे वाक्य खेड्यापाड्यांत रुजलं आणि आजही तसंच आहे. मधल्या काळात आजारावरचा उपचार मात्र पार बदलला. १ एप्रिल २००४ पासून सरकारी एआरटी केंद्रांत, म्हणजे एचआयव्हीचा उपचार देणाऱ्या केंद्रांत, औषध फुकट मिळू लागलं. २०१७ पासून तर सीडी४ किती आहे ते न पाहता, तपासणीत लागण दिसली की लगेच औषध सुरू करायचं, असं धोरण आहे. आता बहुतेकांना दिवसातून एकच गोळी असते. तिच्यात टेनोफोविर, लॅमिवुडिन आणि डोलुटेग्राविर ही तीन औषधं एकत्र असतात.

ही गोळी नेमाने घेतली की काही महिन्यांत रक्तातला विषाणू इतका कमी होतो की तपासणीत सापडतच नाही. आणि ज्याच्या रक्तात तो सापडत नाही, त्याच्याकडून शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. आईकडून बाळाला लागण होण्याचा धोका उपचार नसेल तर १५ ते ४५ टक्के असतो. उपचार असेल तर तो ५ टक्क्यांच्या खाली येतो. गोळी घेणारा माणूस स्वतः जगतो, संसार करतो, काम करतो, आणि लागणीची साखळीही त्याच्यापाशी तुटते. लस अजून नाही, आजार मुळापासून काढणारं औषधही नाही. तरीही साथ संपवता येईल असं शास्त्रज्ञ म्हणतात ते या एका गोष्टीच्या जोरावर.

यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या एड्सविषयक संस्थेने एक मोजमाप ठरवलं आहे, ९५-९५-९५. लागण असलेल्यांपैकी ९५ टक्क्यांना ती माहीत असावी. माहीत असलेल्यांपैकी ९५ टक्के औषधावर असावेत. औषधावर असलेल्यांपैकी ९५ टक्क्यांचा विषाणू दबलेला असावा. हे गाठायला २०२५ साल ठरलं होतं, आणि २०३० पर्यंत सार्वजनिक आरोग्याचा धोका म्हणून एड्स संपवायचा आहे. आपल्या देशात सुमारे २५ लाख लोक एचआयव्हीसह जगत आहेत, आणि राज्यांमध्ये सर्वांत मोठा आकडा महाराष्ट्राचा आहे. आपली गाडी अडते ती पहिल्याच पायरीवर: पाचांपैकी साधारण एकाला आपल्याला लागण आहे हे ठाऊकच नाही. दुसरी गळती औषध सुरू करताना आणि सुरू झालेलं टिकवताना होते.

व्यापाऱ्याचा काय संबंध म्हणणाऱ्यांना मी नेहमी २००१ सालची गोष्ट सांगतो. तेव्हा तीन औषधांचा वर्षाचा खर्च पाश्चात्त्य कंपन्यांच्या भावाने माणशी दहा हजार डॉलरच्या वर जात होता. त्या फेब्रुवारीत मुंबईच्या सिप्ला कंपनीचे युसूफ हमीद यांनी तेच औषध वर्षाला ३५० डॉलरला देऊ केलं. दिवसाला एका डॉलरपेक्षाही कमी. आफ्रिकेतल्या लाखो लोकांपर्यंत औषध पोचण्याची वाट तिथून मोकळी झाली. त्याच वर्षी बोत्स्वानातल्या डेब्स्वाना या हिऱ्यांच्या खाण कंपनीने कामगारांना औषध द्यायला सुरुवात केली. २००२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत अँग्लो अमेरिकन या खाण कंपनीने तेच केलं. त्यांच्या खाणींत साधारण चारांत एक कामगार बाधित होता. शिकवून तयार केलेला माणूस मरू देण्यापेक्षा त्याला औषध देणं स्वस्त पडतं, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

हा हिशेब आपल्याकडे जसाच्या तसा लागू होत नाही. आपल्याकडे प्रौढांमध्ये लागणीचं प्रमाण हजारी दोन-तीनच्या आसपास आहे, त्यामुळे 'तुमचे कामगार मरतील' असं सांगून कुठलाही जिनिंगवाला घाबरणार नाही, आणि घाबरवूही नये. शिवाय इथे औषध विकत घेऊन द्यायचंच नाही, सरकार ते फुकट देतं. मालकाच्या हातात उरतं ते गाव आणि गोळी यांच्यातलं अंतर.

हे अंतर कसं असतं ते एका बाईच्या दिवसावरून बघा. गाव मारेगाव-झरीकडचं. जिनिंग हंगामात सहा महिने कामाला, सरकी झाडणे, रुई उचलणे, रोजीवर. एआरटी केंद्र जिल्ह्याच्या ठिकाणी. सकाळची एसटी धरायची, रांगेत बसायचं, वजन, समुपदेशकाशी बोलणं, कधी रक्त द्यायचं, गोळ्या घ्यायच्या आणि दुपारच्या गाडीने परत. काही तालुक्यांत लिंक एआरटी केंद्र, म्हणजे मोठ्या केंद्राला जोडलेलं छोटं केंद्र, असतं, तिथे फेरा लहान होतो, पण दिवस जातोच. एसटीत एचआयव्हीबाधितांना मोफत प्रवासाची सवलत आहे. पण ती मागायची म्हणजे कंडक्टरला कार्ड दाखवायचं, आणि गावच्या गाडीचा कंडक्टर अख्ख्या गावाला ओळखतो. म्हणून ती तिकीट काढते. रोजी बुडाली, भाडं गेलं, आणि वहीत तिच्या नावापुढे खाडा पडला.

दुसऱ्या दिवशी मुकादम विचारतो, "काहून आली नाई वं काल?" पहिल्यांदा पोराला ताप होता. दुसऱ्यांदा मावशी वारली. तिसऱ्यांदा सांगायला काही उरत नाही, कारण टोळीत तिच्याच गावच्या दोघीजणी असतात आणि मावशी ठणठणीत आहे हे त्यांना माहीत असतं. चौथ्यांदा केंद्रात जायची तारीख येते तेव्हा ती जातच नाही.

औषध असं मध्येच तुटणं हे मुळीच न घेण्यापेक्षाही एका अर्थाने वाईट. रक्तात औषध अर्धवट असलं की त्या औषधाला न जुमानणारे विषाणू तगतात आणि तेच वाढतात. आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. बीटी कपाशीला गुलाबी बोंडअळी सरावली आणि २०१७ च्या हंगामात बोंडंच्या बोंडं पोकळ निघाली, ते सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलं आहे. एचआयव्हीतही पहिल्या फळीचं औषध निकामी झालं की दुसऱ्या फळीकडे जावं लागतं, आणि मधल्या काळात त्या माणसापासून लागण होऊ शकते.

म्हणून माझं पहिलं म्हणणं एवढंच आहे: मालकाने हंगामात प्रत्येक मजुराला, अगदी प्रत्येकाला, दर दोन महिन्यांनी एक पगारी दिवस 'तब्येतीसाठी' द्यावा आणि कारण विचारू नये. प्रत्येकाला हा शब्द महत्त्वाचा. फक्त बाधितांना सुटी दिली तर सुटी हीच खूण होऊन बसेल. सगळ्यांना दिली की कुणी सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या तपासणीला जाईल, कुणी गरोदर सुनेला घेऊन जाईल, कुणी एआरटीला, आणि कोण कशाला गेलं ते कुणाला कळणार नाही. औषध सुरू झाल्यावर पहिले काही महिने केंद्रात दर महिन्याला जावं लागतं. तब्येत स्थिर झाली की दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळतात. तेव्हा दोन महिन्यांनी एक दिवस बहुतेकांना पुरतो.

खर्च काढू. साठ मजूर, रोजी ४०० धरली, सहा महिन्यांच्या हंगामात तीन दिवस. सगळ्यांनी सगळे दिवस घेतले तर ७२ हजार रुपये. रुईची खंडी म्हणजे ३५६ किलो, भाव ५५ हजार धरला तर १७० किलोची एक गाठ २६ हजारांच्या घरात जाते. म्हणजे अख्ख्या हंगामाचा हा खर्च तीन गाठींपेक्षा कमी. बरी चालणारी जिनिंग एका दिवसात शंभरावर गाठी बांधते. एका मालकाला मी हे मांडून दाखवलं तर तो म्हणाला, "लोक फायदा घेतील नं भाऊ." घेतील. त्यांनी घेतलेल्या फायद्यासकटच तो आकडा ७२ हजार आहे.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण बऱ्याच मालकांना आणि मजुरांनाही ती माहीत नसते. कायम चालणाऱ्या कारखान्यात, जिथे ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, लागू आहे आणि पगार २१ हजारांपर्यंत आहे, तिथे आजारपणाच्या रजेचा भत्ता मिळतो. एड्स हा ईएसआयच्या दीर्घ आजारांच्या यादीतही आहे, अटी पूर्ण होत असतील तर ८० टक्के वेतन दोन वर्षांपर्यंत मिळू शकतं. पण कापसाचं जिनिंग-प्रेसिंग कायद्याने हंगामी कारखान्यात मोडतं आणि हंगामी कारखान्याला ईएसआय लागत नाही. म्हणजे विदर्भाच्या खेड्यांत सगळ्यात जास्त हातांना काम देणाऱ्या धंद्यांपैकी एकात मजुराच्या आजारपणाला कुठलंच छत्र नाही. आहे तो फक्त मालकाचा शब्द.

आता भीतीबद्दल. मालकाचा हमखास प्रश्न: "बाकीच्यांना लागलं तर जबाबदार कोण?" एचआयव्ही पसरतो तो असुरक्षित शरीरसंबंधातून, बाधित रक्तातून, वापरलेल्या सुईतून आणि आईकडून बाळाला. एका माठातलं पाणी, एका डब्यातली भाकर, एकच संडास, घाम, खोकला, डास, खांद्याला खांदा लावून उचललेली गाठ, यांतल्या कशानेही तो पसरत नाही. मग रोलरमध्ये बोट गेलं आणि रक्त सांडलं तर? विषाणू शरीराबाहेर फार काळ टिकत नाही, आणि धडधाकट कातडीतून आत शिरत नाही. तरीही नियम सोपा आहे: रक्त कुणाचंही असो, हातमोजे घालूनच मलमपट्टी करायची. कुणाला लागण आहे हे माहीत असायची त्यासाठी गरज नाही, उलट ज्याला स्वतःलाच माहीत नाही त्याच्यासाठीच हा नियम आहे. बाधित रक्त उघड्या जखमेत गेलंच तर शक्य तितक्या लवकर, ७२ तासांच्या आत सरकारी दवाखाना गाठायचा. तिथे २८ दिवसांचं प्रतिबंधक औषध मिळतं.

मलमपट्टीचं नाव निघालं म्हणून प्रथमोपचार पेटीचं सांगतो. फॅक्टरी इन्स्पेक्टर येणार असं कळलं म्हणून मागच्या हंगामात एका जिनिंगमध्ये ती पेटी उघडली. आत आयोडीनची वाळून तळाला चिकटलेली बाटली, दोन बँडेज, गंजलेली कात्री आणि बिडीचं बंडल. हातमोजे नव्हते. त्याच ऑफिसच्या भिंतीवर एड्स जनजागृतीचं पोस्टर होतं, चांगलं लॅमिनेशन केलेलं.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ मध्ये झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. कामावर घेताना एचआयव्हीची तपासणी सक्तीची करता येत नाही. संमतीशिवाय तपासणी करता येत नाही. लागण आहे एवढ्या कारणावरून कामावरून काढता येत नाही. ज्या आस्थापनेत १०० किंवा जास्त माणसं आहेत तिथे तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो, दवाखान्यांसाठी ही मर्यादा २० आहे. राज्य पातळीवर लोकपालाची तरतूद आहे. बाधितांविरुद्ध द्वेष पसरवला तर तीन महिने ते दोन वर्षं कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

हा कायदा आकाशातून पडलेला नाही. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात एका मजुराचा खटला गाजला. ओळख झाकण्यासाठी निकालात त्याचं नाव 'एमएक्स' आणि ज्या सरकारी महामंडळात तो रोजंदारीवर होता त्याचं नाव 'झेडवाय' असं ठेवलं. तपासणीत लागण निघाली म्हणून त्याला काम नाकारलं होतं. न्यायालयाने सांगितलं की जो माणूस काम करायला सक्षम आहे आणि ज्याच्यापासून इतरांना ठोस धोका नाही, त्याला फक्त एचआयव्हीमुळे रोजगार नाकारता येणार नाही. खटला लढणारा कुणी साहेब नव्हता, रोजंदारी मजूर होता, हे मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

तरीही मालकांना तपासणी म्हटलं की एकच कल्पना सुचते: सगळ्यांना रांगेत उभं करा, रक्त घ्या आणि यादी ऑफिसात आणून द्या. एका ठिकाणी हे होता होता राहिलं. तपासणीची गाडी यायच्या आदल्या रात्रीच निम्मी टोळी डेऱ्यावरून निघून गेली होती. बेकायदा तर ते आहेच, शिवाय मूर्खपणाचं आहे, कारण ज्यांच्यापर्यंत पोचायचं तेच आधी पळतात.

चांगलं शिबिर कसं असतं तेही बघितलं आहे. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातल्या आयसीटीसीला, म्हणजे समुपदेशन व चाचणी केंद्राला, किंवा जिल्ह्याच्या एड्स नियंत्रण पथकाला फोन करायचा. पैसे लागत नाहीत. शिबिर 'आरोग्य तपासणी'चं ठेवायचं: बीपी, शुगर, हिमोग्लोबिन, आपल्या भागात सिकलसेल, छातीची तपासणी, आणि त्यात एचआयव्ही. समुपदेशकाला बसायला वेगळी खोली द्यायची, गोदामाचा कोपरा चालत नाही, आवाज बाहेर जातो. ज्याला नको तो 'नको' म्हणू शकला पाहिजे. बोटाला टोचून केलेली चाचणी ही पहिली चाळणी असते, तीत काही आढळलं तर खात्रीच्या तपासण्या केंद्रात होतात. निकाल त्या माणसाचा त्यालाच. मालकाला शेवटी किती जणांची तपासणी झाली एवढाच आकडा मिळावा, आणि तेवढ्यावर त्याने गप्प बसावं. हे शेवटचं सगळ्यात कठीण जातं.

खोकल्याचं वेगळं सांगायला हवं. जिनिंगमध्ये रुईचा भुगा दिवसभर हवेत असतो, तिथे सगळेच खोकतात. त्यामुळे टीबीचा खोकला त्या गर्दीत हरवून जातो. 'धुळीचा आहे' म्हणून महिनोन्‌महिने कुणी बघत नाही. एचआयव्हीबाधितांच्या मृत्यूंमागे टीबी हे सगळ्यात मोठं कारण आहे. दोन आठवड्यांच्या वर खोकला, संध्याकाळचा ताप, वजन उतरणं, यांतलं काही दिसलं तर माणसाला थुंकीच्या तपासणीला पाठवायचं, एवढं मुकादमाला शिकवता येतं. टीबीच्या रुग्णाला सरकारकडून पोषणासाठी महिन्याला १००० रुपये बँक खात्यात मिळतात. बऱ्याच मजुरांचं खातं आधारला जोडलेलं नसतं, ते जोडून देणं हे माझ्यासारख्या कारकुनाचं अर्ध्या तासाचं काम आहे.

मग येतात ट्रक. नागपूर-हिंगणघाट-पांढरकवडा-आदिलाबाद हा ४४ नंबरचा महामार्ग, कोरपना-गडचांदूरकडचे सिमेंट कारखाने, वणीच्या कोळसा खाणी, वरूड-मोर्शीची संत्रा मंडी. ड्रायव्हरकडे बोट दाखवणं सोपं असतं. पण तो घरापासून दीड महिना लांब का असतो, आणि लोडिंगसाठी नंबर लावून दोन-दोन दिवस एकाच जागी का पडून राहतो, याचं उत्तर त्याच्याकडे नाही, कारखान्याकडे आहे. रिकामा वेळ, दारू, अंधारी जागा आणि पैशाला अडलेली एखादी बाई, हे सगळं त्या रांगेच्या आसपास जमा होतं. रांग लहान केली, बसायला छप्पर, आंघोळीला पाणी, झोपायला खाट दिली, तर ते भाषणापेक्षा जास्त उपयोगी पडतं. शिवाय फुकट निरोधची पेटी, तीही कुणाला मागावी लागणार नाही अशा जागी, संडासाच्या आतल्या भिंतीवर. वजनकाट्याच्या खिडकीशी लावलेली पेटी मी बघितली आहे. हंगाम संपेपर्यंत भरलेलीच होती.

मोठ्या कंपन्यांनी यात काम केलं आहे. अपोलो टायर्सने २००० साली दिल्लीच्या संजय गांधी ट्रान्सपोर्ट नगरमध्ये ट्रकचालकांसाठी आरोग्य केंद्र सुरू केलं आणि पुढे इतर वाहतूक केंद्रांवरही. टायर विकणाऱ्याने टायर झिजवणाऱ्याची काळजी घेतली, धंद्याच्या दृष्टीनेही ते बरोबरच होतं. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेचीही कारखानदारांमार्फत असंघटित मजुरांपर्यंत पोचायची योजना आहे: प्रशिक्षण आणि तपासणी किट सरकार देतं, जागा, वेळ आणि माणसं कंपनी देते.

आपल्याकडच्या मोठ्या सिमेंट, पोलाद, कोळसा कंपन्यांबद्दल माझी तक्रार वेगळी आहे. त्यांच्याकडे धोरण असतं, दवाखाना असतो, सीएसआरचा, म्हणजे समाजकार्यासाठी नफ्यातून काढलेला, निधी असतो. ५ कोटींच्या वर निव्वळ नफा असलेल्या कंपनीला सरासरी नफ्याचे २ टक्के त्यासाठी काढावे लागतात आणि आरोग्य त्यात बसतं. पण दवाखाना कायम कामगारांचा. गेटच्या आत ठेकेदाराची माणसं आणि गेटबाहेर ट्रक, हे दोघेही त्या धोरणात नसतात, आणि जास्त गरज त्यांनाच असते. उपाय टेंडरच्या कागदात आहे. हेल्मेट आणि बूट देणं जसं ठेकेदाराच्या अटींत लिहिलेलं असतं, तशाच आणखी तीन अटी लिहायच्या: तब्येतीचा पगारी दिवस, सक्तीची तपासणी नाही, आणि आजारावरून कुणाला काढणार नाही. बिलं अडली की ठेकेदार सगळ्या अटी पाळतो, हा माझा नेहमीचा अनुभव आहे. आणि सीएसआरचे पैसे रॅलीच्या टी-शर्टवर घालण्यापेक्षा एआरटी केंद्रापर्यंतचं गाडीभाडं, बाधित पालकांच्या मुलांचं शिक्षण, यावर घातले तर निदान कुणाच्या तरी घरी पोचतील.

मालकाला न दिसणाऱ्या गोष्टीही असतात. एआरटीच्या गोळ्या प्लास्टिकच्या बाटलीत मिळतात आणि बाटली पिशवीत खुळखुळते. जेवणाच्या सुटीत एक बाई बाटलीचं झाकण उघडून त्यात चिमूटभर रुई दाबून भरत होती, आवाज येऊ नये म्हणून. रुई तिच्या ओट्यावरच पडलेली होती, काही विशेष न करता तिने ते केलं आणि डबा खायला बसली. मी काही विचारलं नाही. पण त्यानंतर मी ज्या कारखान्यांची कामं बघतो तिथे बायांसाठी कुलूप लागणारे छोटे कप्पे मागायला लागलो. लोखंडी कपाट जुन्या बाजारात मिळतं. दोन ठिकाणी झालं, बाकीच्यांनी 'पुढच्या साली बघू' म्हटलं.

शेवटी मुकादम. मालक धोरण ठरवेल, पण वही मुकादमाच्या हातात असते. दसऱ्यानंतर काटा, म्हणजे कापसाची खरेदी, सुरू व्हायच्या आधी मालक मुकादमांना बोलावून उचल देतो, तीच वेळ आहे. कारण विचारायचं नाही, हे त्याला मालकाच्या तोंडून, सगळ्यांसमोर सांगितलं गेलं पाहिजे. माझ्यासारख्याने सांगितलेलं तो ऐकून घेतो आणि विसरतो. कुणाच्या आजाराबद्दल टोळीत बोलला तर त्याची टोळी पुढच्या हंगामात घेतली जाणार नाही, हेही सांगायचं.

आणि मिरचीचं सांगायचं. फेब्रुवारी-मार्चमध्ये चंद्रपूर, गडचिरोली, भंडाऱ्याकडून टोळ्याच्या टोळ्या तेलंगणात मिरची तोडायला जातात, दोन-दोन महिने. गोळ्यांवर असलेला माणूस या दोन महिन्यांत हमखास तुटतो. वास्तविक निघण्याआधी एआरटी केंद्रात सांगितलं तर जास्त दिवसांच्या गोळ्या मिळू शकतात, आणि लांब राहायचं असेल तर तिकडच्या केंद्रात नोंद बदलून मिळते. पण त्यासाठी टोळी कधी निघणार हे निदान आठवडाभर आधी कळायला हवं. आपल्याकडे टेम्पो रात्री येतो आणि पहाटे निघतो. मुकादमाने तारीख आठ दिवस आधी टोळीला सांगायची, आणि त्या आठ दिवसांत कुणी एक दिवस मागितला तर द्यायचा. कुणाला काही विचारायचं असेल तर १०९७ हा नंबर फुकट आहे, नाव सांगावं लागत नाही. तो हजेरीच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवायला हरकत नाही.